डबीर बाईंचं पाणी

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका मशीनचं ऐकायला लागलो होतो. दोन्ही किडन्या बसल्या होत्या. डॉक्टर बराच वेळ समजावत होते. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, गाळणी चोक झाली, एवढंच ना?" ते म्हणाले, "हां काका, यही समझ लो."

समजायला मला काय लागतं? पन्नास वर्षं नळाचं काम केलंय. शिकलो चौथीपर्यंत, पण उज्जैनच्या फ्रीगंजपासून रामघाटापर्यंत कुठल्या गल्लीत कुठला पाइप कुठे वळतो ते आजही डोळे मिटून सांगेन. गाळणी चोक झाली की बदलतात. माझ्या वयाला बदलत नाहीत. मग दर सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी बारा ते चार, हाताच्या नसेत दोन जाड सुया घालून रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत आत सोडायचं. डायलिसिस.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीकडचा पलंग डबीर बाईंचा होता. त्याच्या शेजारचा मला मिळाला. दीड वर्षाच्या वर आम्ही तसे आडवे पडून होतो, मधे हातभर जागा.

बाई आता नाहीत. इंदूरला नेलं, तिथून परत आल्या नाहीत. त्यांच्याबद्दल खरं म्हणजे शिकलेल्या माणसाने लिहायला पाहिजे. पण शिकलेला माणूस त्या पलंगाशेजारी नव्हता. मी होतो.

पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे करून पडलो होतो. कुणाशी बोलायचं नव्हतं. मागून आवाज आला, एकदम साफ, तीस वर्षांच्या बाईचा असावा तसा.

"नवीन कनेक्शन?"

मी वळलो. पाहतो तर साठीच्या पुढची, मुठीएवढी बाई. भर मे महिन्यात अंगात स्वेटर, चष्म्याला दोरी.

"काय म्हणालात?"

"नवीन आलात का, म्हणतेय. नाव?"

"गणपत जाधव. नळाचं काम करतो."

"करत होतात."

"करतो," मी म्हटलं.

"बरं, जाधवराव. लाइन जोडली तुमची." आणि त्या परत आपल्या वहीत लिहायला लागल्या.

कुमुद डबीर त्यांचं नाव. बेचाळीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात. त्यातली निम्मी एक्सचेंजच्या बोर्डासमोर बसून, कानाला हेडफोन लावून, या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून देण्यात गेली. तेव्हा बाहेरगावचा फोन तीन-तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" लोक मयताची बातमी सांगत असोत की लग्नाची, यांनी मधे बोलायचंच. ते वाक्य त्यांच्या तोंडातून शेवटपर्यंत गेलं नाही. चार वाजता राजपूत सिस्टर सुया काढायला आली की बाई म्हणायच्या, "सिस्टर, तीन मिनट हो गए. बढ़ाऊँ?" पन्नाशीची ती कडक बाई दर वेळी हसायची. त्याच विनोदावर, आठवड्यातून दोनदा. मला नाही यायचं हसू. पण एखाद्या दिवशी बाई ते म्हणायच्या राहिल्या तर चुकल्यासारखं व्हायचं.

या रोगात सगळ्यात वाईट सुया नाहीत. तहान. आमच्यासारख्यांचं पाणी लघवीवाटे जात नाही, अंगातच साठतं. छातीत भरलं तर माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. म्हणून डॉक्टर माप बांधून देतात. आम्हा दोघांनाही दिवसाचं पाऊण लिटर, त्यात चहा, वरण सगळं आलं. उज्जैनचा मे महिना आणि पाऊण लिटर! मी आख्ख्या गल्ल्यांना पाणी आणून दिलेला माणूस, आणि कुठे नळ सुटलेला ऐकला की उभा राहून ऐकायचो, बेवड्याने दारूच्या दुकानासमोर उभं राहावं तसा.

बाईंनी याची तोड काढली होती. त्यांच्याजवळ अर्ध्या लिटरची एक बाटली असे. तिच्यावर लाल रेघा ओढलेल्या आणि बाजूला आकडे, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. किती वाजता पाणी कुठपर्यंत उतरलेलं चालेल ती रेघ. "आयुष्यात एकदाच नेलपॉलिश विकत घेतलं," त्या म्हणायच्या, "ते या बयेला लावायला." बाटलीला त्या बया म्हणायच्या.

आणि दुसरी तोड म्हणजे ती वही.

मला आधी वाटलं रामनाम लिहितात. विचारलं तर म्हणाल्या, "नाही हो, पाणी लिहिते."

"म्हणजे?"

"तहान लागली की एक पाणी लिहायचं. कुठं प्यायले, कुणी दिलं, कसल्या भांड्यात, चव कशी. लिहून होईपर्यंत तहान सरकते. नाही सरकली तर आणखी एक लिहायचं. ऐका."

आणि माझी परवानगी न घेता वाचायला लागल्या. एक्सचेंजचं पाणी होतं ते. उन्हाळ्यात बोर्डावर येणाऱ्या फोनच्या दिव्यांची झुंबड उठायची, जागचं हलायला फुरसत नाही, दोन्ही हात जोडणीच्या दोऱ्यांवर. मग रामप्यारी नावाची म्हातारी माठातलं पाणी लोट्यात घेऊन रांगेने फिरायची. बायकांनी हात बोर्डावर तसेच ठेवून तोंड फक्त वर करायचं, आणि तिने वरून धार सोडायची. "धार हनुवटीवरून गळ्यात जायची," बाई वाचत होत्या, "आणि कानात कुणी तरी ग्वाल्हेरहून ओरडत असायचं, हॅलो, हॅलो, आई कशी आहे?"

माझा घसा खाली-वर झाला. मी म्हटलं, "माठ कुठे ठेवायचे? खिडकीत?"

"जिन्याखाली."

"मग गार नसणार. जिन्याखाली वारा कुठला? खिडकीत ठेवायला पाहिजे होता."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पेनाने काही तरी खोडलं आणि म्हणाल्या, "ठेवला खिडकीत."

अशी ती बाई. आमचं पहिलं भांडण वहीतल्या असल्या बदलांवरूनच झालं.

श्रावण लागला. दर सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघते, आणि आमचा तर सोमवारच मशीनचा. सकाळपासूनच रस्ते बंद, जिकडे तिकडे बांबूचे अडथळे. मी गल्लीतून पायी येत होतो तर वळणावर बाई दिसल्या, रिक्षावाल्याने लांबच सोडलेल्या, एका हातात पिशवी, एका हातात बया, समोर पोलिसवाला.

"माताजी, उधर से घूम के जाओ."

"घूम के जाऊँगी तो ऊपर जाऊँगी."

"सबके लिए बंद है."

बाईंनी स्वेटरची बाही वर केली. सुया घालायला आमच्या हातात दोन नसा जोडून एक फुगीर नस केलेली असते, फिस्टुला म्हणतात. वर बोट ठेवलं की आतून सणसणतं, जोराचं पाणी चाललेल्या पाइपसारखं. बाई पोलिसाला म्हणाल्या, "हाथ लगाओ. डरो मत, लगाओ."

त्याने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"करंट है," बाई म्हणाल्या. "बारह बजे मशीन से नहीं जुड़ी तो बंद हो जाएगा. और ये भी मेरे साथ हैं, इनमें भी है."

बांबू बाजूला झाला. तो हात जोडून "जय महाकाल" म्हणाला आणि आम्ही रिकाम्या रस्त्याच्या मधोमध चालत गेलो, दोन्ही बाजूंना गर्दी, जशी काही आमचीच सवारी.

त्या दिवशी पलंगावर बाईंनी ते लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. सगळं बरोबर होतं. फक्त शेवटी त्या पोलिसाने आपल्या बाटलीतलं पाणी दोघांना दिलं असं होतं.

मी म्हटलं, "त्याने पाणी दिलं नाही."

"वहीत दिलं."

"मग ते खोटं झालं."

"झालं."

"बाई, मी शिकलेला नाही, पण खोटं काम केलेलं नाही. गळत असेल तर गळतंय म्हणून सांगतो. नाही दिलं तर नाही दिलं लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "जाधवराव, खरं पाणी मला पाऊण लिटर आहे. बाकीचं कुठून आणू?"

मी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन वार बोललो नाही. बाईंनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, त्या लिहीत होत्या.

तिसऱ्या वारी त्याच म्हणाल्या, "माझ्या घरचा नळ रडतो. सिंकमध्ये टप्, टप्. दिवसभर ऐकते. कुणाला सांगू?"

"कुणाला म्हणजे? मी काय मेलोय?"

नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत त्यांचं घर होतं, दोन खोल्यांचं. यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा बेंगळुरूला, चांगला होता, रोज फोन करायचा. पण फोनने नळ बंद होत नाही. मी गेलो तेव्हा ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडा घातलेला. दुसरं भांडंच बाहेर नव्हतं. नळाखाली त्यांनी टॉवेलची घडी ठेवलेली, थेंबाचा आवाज येऊ नये म्हणून.  तहानलेल्या माणसाच्या कानाशी तीन महिने नळ टपकत होता, आणि शेजारच्या पलंगावर नळवाला पडलेला.

वॉशर बदलला, चावी घट्ट केली. पाच मिनिटांचं काम. बाईंनी चहा केला, मापाच्या कपाने मोजून, अर्धा त्यांना, अर्धा मला. "तुमचा कोटा मोडायची नाही मी," म्हणाल्या. मग कपाटातून वह्या काढून दाखवल्या. अकरा होत्या.

"आता तुमचं एक पाणी सांगा."

"नळवाल्याचं कसलं पाणी? आम्ही दुसऱ्याकडे पोचवतो."

"असतं एक. प्रत्येकाचं असतं."

मी पाना पिशवीत टाकला आणि निघालो.

होतं ना. नव्हतं कसं? आठ वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं, सुमनचं, पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. ती मागत राहिली. अहो, घोटभर द्या हो. मी ओला कापूस ओठांना लावत राहिलो, पाणी दिलं नाही. सांगितलं ते ऐकायचं, काम नियमाने करायचं, असा माझा खाक्या. उजाडायच्या आत ती गेली. डॉक्टर बरोबरच होते, मीही बरोबर होतो. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, देवासला दिलेल्या मुलीलाही नाही. बाईंना कशाला सांगू?

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा डावा हात बंद पडला. फिस्टुला आतून गोठला, सणसण थांबली. अशा वेळी दुसऱ्या हातात नवा करतात. काही आठवडे मानेतल्या नळीवर काढले, आणि मग उजव्या हाताचा सुरू झाला. मशीन चालू झालं, पण हाताचं रक्त तिकडे वळलं आणि उजवी बोटं गार पडली. बधिर. पेन धरला की गळून पडायचा. डाव्या हाताने लिहून बघितलं, एक ओळ लिहायला अर्धा तास आणि ती त्यांनाच वाचता येईना. बोललेलं लिहून काढणारा फोन मुलाने पाठवला. बाईंनी तो उशीखाली ठेवून दिला. "जन्मभर मशीनमधून माणसांशी बोलले. आता माणूस सोडून मशीनशी बोलू?"

मग एका गुरुवारी म्हणाल्या, "जाधवराव, तुमचा उजवा हात मोकळा असतो."

मी समजलो. पण समजून न समजल्यासारखं केलं.

"मी सांगेन, तुम्ही लिहा. दिवसाचं एक पाणी."

मी काय लिहिलं होतं आयुष्यात? सामानाच्या याद्या. कोपर दोन, टी एक, ताग, सफेदा. तेही पेन्सिलने भिंतीवर. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही. ही बाई अकरा वह्या भरलेली, तिने माझं अक्षर बघायचं? मी म्हटलं, "मी कुणाचा मुनीम नाही."

माझ्या तोंडून फार जोरात गेलं. राजपूत सिस्टरने वळून पाहिलं. बाई म्हणाल्या, "राँग नंबर. माफ करा," आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

त्यानंतर त्या चार तास नुसत्या पडून असायच्या. बयेकडे बघायच्या. आम्हाला आत आलं की आधी काट्यावर उभं करतात, दोन वारांच्या मधे वजन किती वाढलं ते बघायला. वाढतं ते पाणीच. बाईंचं कधी पावणेदोन किलोच्या वर गेलं नव्हतं. आधी अडीच झालं. मग तीन. मी ऐकत होतो. 

आणि त्या सोमवारी त्यांना दोघांनी धरून आणलं. साडेचार किलो. ओठ निळे, एक वाक्य बोलायला तीन श्वास. सिस्टर ओरडत होती, "पानी पिया है ना आपने? कितना पिया? मरना है क्या?" आणि ओरडता ओरडता हात सुया लावत होते, नाकाला नळी लावत होते.

दोन तासांनी बाईंना बोलता आलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल ओट्याशी भांडं धुवायला नळ सोडला. लहानपणी लावायचे तसं तोंड लावलं. मग थांबताच येईना." श्वास घेतला. "तुम्ही दुरुस्त केलेला नळ, जाधवराव. फार छान धार येते."

टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो. टोमणा नव्हता. खरंच सांगत होत्या.

गुरुवारी मी फ्रीगंजमधून दोनशे पानी वही घेतली आणि पेन. पलंगावर पडलो, डावा हात सिस्टरच्या ताब्यात दिला आणि वही पोटावर उघडली.

"सांगा. पण सावकाश. मी एक्सप्रेस नाही, पॅसेंजर आहे."

 बाईंनी घसा साफ केला. "देवास. दे, वा, स."

"देवास मला येतं. मुलगी दिली आहे तिथं."

एक पान लिहायला आम्हाला दीड तास लागला. माझ्या कपाळाला घाम. बाई म्हणाल्या, "आता वाचा."

मी वाचलं. "देवासला मावशीकडे विहीर होती. पहाटे पाणी काढून तांब्याच्या घागरीत सिस्टर पंखा जरा कम करो भरून ठेवत आणि दुपारी ते पाणी अहो जाधवराव दमलात का एवढं गार असे की दात पायाकडे चादर ओढा कुणी तरी शिवशिवत."

पुढचं वाचता आलं नाही. बाई हसायला लागल्या होत्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत, हात हलला, सुई हलली, मशीन केकाटायला लागलं. सिस्टर धावत आली. "क्या हो गया?"

"कुछ नहीं," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "इन्होंने तुमको मेरी मौसी के कुएँ में उतार दिया."

मला राग आला. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय? कामावर मालक जे बोलेल ते सगळं भिंतीवर लिहायचं, असा आमचा कायदा आहे. हे कामाचं, हे बिनकामाचं, असं आपण ठरवायचं नाही. आपण सोडलं की तेच नेमकं लागतं, आणि मग गच्चीवरून खाली परत यावं लागतं. तुम्ही बोललात, मी लिहिलं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आता हसत नव्हत्या. "अगदी बरोबर आहे. असंच राहू द्या."

"खोडतो मी."

"खबरदार. अकरा वह्यांत मी एकटीच आहे, जाधवराव. या पानावर बघा किती माणसं आली."

तेव्हापासून बारावी वही तशीच चालली. विहिरी, माठ, स्टेशनवरच्या टाक्या, आणि मधे मधे सिस्टर, पंखा, मशीनचा आवाज, माझी कुरकुर. दोन पाणी सोमवारी, दोन गुरुवारी. मधल्या दिवसांसाठी बाईंनी एक युक्ती काढली. तहान लागली की पाणी मनात जुळवून ठेवायचं, मला सांगेपर्यंत विसरायचं नाही. "कॉल बुक करून ठेवते," म्हणायच्या. वजन दोनवर आलं, मग पावणेदोनवर. काट्यावर उभ्या राहिल्या की आकडा बघून माझ्याकडे बघायच्या. मी दुसरीकडे बघायचो.

थंडीत एकदा त्यांनी यजमानांचं पाणी सांगितलं. बाईंना ताप होता, तरी दुहेरी ड्यूटी करून घरी आल्या. दारातच बसल्या. यजमान वर्तमानपत्र ठेवून उठले, पेला भरून आणला, आणि त्या पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. रिकामा पेला हातातून घेतला. एवढंच.

मी लिहून थांबलो. आता मला त्यांची खोड माहीत झाली होती. "हे घडलेलं की वहीतलं?"

 मशीनचं चाक फिरत होतं.

"माणूस फार चांगला होता," त्या म्हणाल्या. "कधी आवाज चढवला नाही. पण पाणी आणून द्यायचं त्यांना सुचलंच नाही. एकोणतीस वर्षांत नाही सुचलं. आता मी मागून घेतलं. तर दिलं बिचाऱ्यांनी."

"हे पण लिहू? आत्ता बोललात ते?"

"तुमचा कायदा काय म्हणतो?"

मी लिहिलं.

"जाधवराव, वही तुमच्याकडेच असू द्या," त्या निघताना म्हणाल्या. "मागच्या बाजूने कोरी आहे. तुमचं पाणी राहिलंय."

"माझं काही राहिलेलं नाही."

"बरं. होल्डवर ठेवते."

माघ संपता संपता एका गुरुवारी मशीन सुरू होऊन तासभर झाला आणि बाईंचं ब्लडप्रेशर उतरलं. याआधीही उतरायचं, पाय वर केले की यायचं. या वेळी आलं नाही. डॉक्टर आले, हृदय दमलंय म्हणाले, इंदूरला हलवायचं ठरलं. मुलगा नशिबाने त्याच आठवड्यात आलेला होता. त्यांच्या पलंगाभोवती पडदा ओढला. माझ्या हातात सुया, मला उठता येत नव्हतं. पडद्याखालून फक्त सिस्टरचे पाय दिसत होते, इकडून तिकडे.

चार वाजता मी सुटलो. हातावर कापूस दाबून धरत जिना उतरलो. अँब्युलन्स अजून गेटपाशीच होती, कागद व्हायचे होते. बाई स्ट्रेचरवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, स्वेटर गळ्यापर्यंत. मी जवळ गेलो. मुलाने विचारलं, "आपणच जाधवकाका का? आई सांगते नेहमी." मी मान हलवली.

बाईंनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. डावा हात उचलून मुलाच्या काखेतल्या पिशवीकडे बोट केलं. त्याने शाल काढली, नाही. चष्मा काढला, नाही. शेवटी बाटली काढली, तेव्हा त्यांनी बोटाने माझ्याकडे दाखवलं. त्याला कळेना. "काकांना द्यायची का?" बाईंनी चिडून डोळे मिटले. देशभर माणसं जोडून दिलेली बाई, आणि स्वतःच्या मुलाशी लाइन लागेना.

मला कळलं. मी म्हटलं, "द्यायची नाही, दाखवायची आहे. धर वर."

त्याने बया वर धरली. उन्हात लाल रेघा चमकल्या. पाणी अजून दोनच्या रेघेवर होतं, मापापेक्षा कमीच प्यालेलं. माझ्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"बघितलं," मी म्हटलं. "शाब्बास."

मग दार लावलं आणि गाडी नानाखेड्याच्या बाजूने वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नळ आला. मी हंडा भरला, बादली भरली, चावी बंद केली. एक पेला भरून समोर ठेवला, तोंडाला लावला नाही. बारावी वही उलटी करून मागचं पहिलं पान काढलं आणि एक एक अक्षर नीट बसवत लिहिलं:

सुमनने पाणी मागितलं. मी पेला भरला, तिच्या मानेखाली हात घालून डोकं वर केलं आणि पाजलं. ती सगळं प्यायली.